एक चुकलं, दोन फेऱ्या

२७ जानेवारी, चेपेलारे, बल्गेरिया

सकाळची नाडी ४४. झोप आठ तास. स्कीवर अडीच तास. पडून २० पैकी २०, उभ्याने २० पैकी १९.

ही वही खरं तर एवढ्यासाठीच आहे. बायथलॉनमधला, म्हणजे स्की आणि नेमबाजी एकत्र करणारा, प्रत्येक जण असली वही ठेवतो. नाडी, तास, गोळ्या, आणि शेवटी ‘शेरा’ म्हणून एक चिंचोळा रकाना. अकरा वर्षं मी त्यात ‘बरं’ नाहीतर ‘वारा’ एवढंच लिहीत आले. हल्ली कोच वह्या तपासत नाही, तेव्हा रकान्याबाहेर गेलं तरी कुणाच्या बापाचं काय जातंय.

संघ जाहीर झाला. युरोपीय अजिंक्यपद, स्लोवेनिया, पोकल्युकाचं पठार. मिश्र रिलेत पहिला लाचेझार, मग तोश्को, मग बिल्याना, शेवटी मी. यंदा पुरुष आधी आणि बायका नंतर. गेल्या वर्षी उलटं होतं.

द्रागोमिर कोचने आम्हाला चौघांना स्कीला मेण लावायच्या खोलीत उभं केलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, ‘‘पहिल्या दहात या. नाही आलात तर पुढच्या मोसमात रिलेचा संघ नाही. महासंघाचं पत्र आलंय. एक पुरुष ठेवणार, एक बाई ठेवणार. उरलेल्या दोघांनी घरी जायचं.’’

बिल्याना वीस वर्षांची. तिच्या घरी जाण्याचा अर्थ मावशीच्या लॉजवर चादरी बदलणं. ती पांढरी पडली. बाहेर आल्यावर माझ्या बाहीला धरून म्हणाली, ‘‘वेस्काताई, तू एवढी शांत कशी गं?’’

‘‘वय झालं.’’

‘‘चौतीस म्हणजे काय वय? माझी आजी तुझ्यापेक्षा जास्त घाबरते.’’

मी शांत नाही. मला काही वाटत नाही, एवढंच. ऑगस्टपासून वाटत नाही. तक्रार नाही, उलट नेम कधी नव्हे इतका चांगला लागतो. हात थरथरत नाही, रेंजवर येताना छातीत धडधडत नाही. कोच परवा म्हणाला, ‘‘अशीच राहा.’’ राहते आहेच.

३० जानेवारी

नाडी ४३. पडून १५/१५, उभ्याने १४/१५.

आज कोचने जोड्या लावायला घेतल्या. आमच्या रेंजवर ही जुनी चाल आहे. दोघांनी शेजारी शेजारी नेम मारायचा, आणि एकाचं जेवढं चुकेल तेवढ्या दंडाच्या फेऱ्या दुसऱ्याने मारायच्या. दीडशे मीटरची एक फेरी. मागच्या पिढीतल्या एका कोचची ही अक्कल. त्याचं म्हणणं, स्वतःला शिक्षा होणार म्हटलं की माणूस निर्ढावतो, दुसऱ्याला होणार म्हटलं की लाजतो. शर्यतीत अर्थात ज्याची त्याने मारायची. इतर देशांचे लोक आमच्या सरावाला हसतात. हसोत.

आसेन आणि मी नऊ वर्षं जोडी होतो. आसेन चौदा ऑगस्टला गेला. ह्याच रेंजवर, सरावात, हृदय थांबून. तेहतीस वर्षांचा होता. लिहिलं. झालं.

तेव्हापासून माझ्या फेऱ्या मीच मारते. आज कोचने मला बिल्यानाबरोबर लावलं. मी नको म्हटलं. त्याने हट्ट धरला नाही, पण पोरीचा चेहरा उतरला. तरी ती आपली माझ्या डावीकडच्या चटईवर रायफल ठेवायला लागली. मी म्हटलं, ‘‘ती सोड. तिथं वारा फार लागतो.’’

तिने वर झेंड्यांकडे पाहिलं. झेंड्या काठीला चिकटून लोंबत होत्या. ती दोन चटया पलीकडे गेली. रेंजवर अठ्ठावीस चटया आहेत, एक सोडली तर कुणाचं काही अडत नाही.

२ फेब्रुवारी, गाडीत

नाडी घेतली नाही. सराव नाही.

दोन दिवसांचा प्रवास. गाडी स्पासकाका चालवतात. ते आमच्या स्कीला मेण लावतात, एकसष्ट वर्षांचे आहेत, आणि बेलग्रेड येईपर्यंत त्यांनी लाचेझारला त्याच्या नव्या मिशीवरून इतकं सोलून काढलं, की त्याने पेट्रोलपंपावर उतरून ती काढून टाकली.

‘‘आता अर्धा किलो कमी झालास,’’ स्पासकाका म्हणाले. ‘‘चढावर दोन सेकंद वाचतील.’’

सगळे हसले. मीही हसले. हसताना तोंड कसं करायचं ते विसरलेलं नाही.

त्यांनी थर्मासात मुर्सालचा, आमच्या डोंगरातल्या पाल्याचा, चहा आणला होता. पहिला पेला मला. मी म्हटलं, मला नको. त्यांनी हातात कोंबला आणि पुढे बघायला लागले. हे रोज चाललंय. त्यांना चहाचं काय खूळ लागलंय कळत नाही.

४ फेब्रुवारी, पोकल्युका

नाडी ४२. तापमान उणे नऊ. नेम बरोबर.

मेणाच्या खोलीत स्पासकाकांशी बोलत उभी होते. बोलणं कशावरून होतं आठवत नाही. त्यांनी एकदम माझं मनगट धरून मला ओढत बाहेर नेलं आणि माझा डावा हात बर्फात खुपसला. मी मेणाच्या इस्त्रीवर हात टेकून उभी होते म्हणे. वास आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

‘‘दुखलं नाही तुला?’’

‘‘नाही.’’

‘‘अगं, चामडं निघालंय!’’

‘‘डावाच आहे काका. चाप उजव्याने ओढायचा असतो.’’

 खाली बसून त्यांनी पट्टी बांधली आणि तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या दिल्या. मला नव्हत्या, एवढं कळलं.

५ फेब्रुवारी

नाडी ४२. पडून १०/१०, उभ्याने १०/१०.

जेवणाच्या हॉलमध्ये स्लोवाकियाची एक ओळखीची आली. मागच्या वर्षी आम्ही दोघी एकाच उतारावर पडलो होतो, तेवढीच ओळख. तिने मला मिठी मारली, डोळे भरून आले तिचे.

‘‘आसेनचं कळलं गं. फार वाईट झालं. तू त्याची बायको ना?’’

‘‘नाही. बायको घरी असते. नेवेना.’’

‘‘मग बहीण?’’

‘‘नाही.’’

तिने हात मागे घेतले. उद्धटपणाने नव्हे, पण काय म्हणून माझं सांत्वन करायचं ते तिला कळेना. मला तरी कुठं कळतंय. बायकोचं दुःख असतं, आईचं असतं, भावाचं असतं. शेजारच्या चटईचं कुठलं? आमचं दुसरं काही नव्हतं, हेही लिहून ठेवते, कारण गावात लोक बोलतात. त्याच्या लग्नात मी नाचले. त्याच्या घरी दर रविवारी चीजची बनित्सा खाल्ली. एवढंच.

दफनाला मी तिसऱ्या रांगेत होते, मेणवाल्यांबरोबर. नंतर नेवेनाने मला बाजूला घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, ‘‘एकटा होता का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, मी शेजारीच होते.’’ ती म्हणाली, ‘‘मग ठीक.’’ आणि माझा हात दाबला.

त्याबद्दल आणखी लिहायचं नाही.

नेवेनाचा आज मेसेज आहे. शनिवारी टीव्हीसमोर बसणार, सासूबाईंनाही बसवणार. मी उत्तर दिलेलं नाही.

८ फेब्रुवारी

नाडी ४१. एवढी खाली कधीच गेली नव्हती.

उद्या शर्यत. नेम जुळवून घेतला. कोच दुर्बिणीपाशी, मी चटईवर. तो म्हणाला, ‘‘डावीकडे दोन खटके,’’ मी नेमाच्या चकतीचे दोन खटके फिरवले, पुढच्या पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या. तो दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाला, ‘‘तू माणूस आहेस की घड्याळ?’’

तोश्कोने संध्याकाळच्या जेवणाला सगळ्यांचे अंदाज मागितले. लाचेझार म्हणाला नववे. तोश्को म्हणाला दहावे, पण रडतखडत. बिल्याना म्हणाली सातवे.

‘‘सातवे!’’ तोश्को म्हणाला. ‘‘बाईसाहेब, पाय जमिनीवर ठेवा.’’

‘‘ठेवून काय करू? पाय जमिनीवर ठेवले की चादरीच दिसतात मला.’’

मला विचारलं. मी म्हटलं, दहात येऊ. त्यांना बरं वाटलं. मी ते हवामान सांगावं तसं सांगितलं होतं, पण त्यांना बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

निकाल: अकरावे. दहाव्या जागेपासून ६.४ सेकंद मागे.

जसं झालं तसं लिहिते.

लाचेझार बारावा आला. तोश्कोने एक जागा वर काढली, तो खरोखर रडतखडतच आला आणि पुढचीला हात लावून पाठवल्यावर बर्फावर आडवा झाला. मग बिल्याना. एकही जादा गोळी न वापरता तिने दहाच्या दहा निशाणं पाडली, चढावर तिघींना मागे टाकलं आणि आठव्या जागेवर आली. माझ्या पाठीवर तिने अशी थाप मारली की मी पुढे ढकलले गेले. ‘‘जा ताई! खा त्यांना!’’ मागून ओरडली.

पडून पाच गोळ्या, पाच निशाणं. सातवी झाले. इथपर्यंत सगळं घड्याळासारखं.

उभ्याने मारायला आले तेव्हा धुकं उतरलं होतं, पण निशाणं दिसत होती. वारा नव्हता. पहिलं पडलं. दुसरं पडलं. तिसरं राहिलं. चौथं, पाचवं पडलं. रिलेत तीन जादा गोळ्या मिळतात, एकेक हाताने भरायची. भरली, मारली, राहिलं. भरली, मारली, राहिलं. तिसरी भरताना मला माझ्या डाव्या बाजूची चटई दिसली. तिथली बाई मारून निघून गेली होती. चटई रिकामी होती. तिसरीही गेली.

एक निशाण उभं, म्हणजे एक फेरी. चोवीस सेकंद. मी वळले आणि फेरी मारली.

बाहेर पडायची वाट उजवीकडे असते. तिथे फळीमागे स्पासकाका उभे होते. ‘‘बाहेर! वेस्का, बाहेर!’’ त्यांचा आवाज फाटला होता. मी तो नीट ऐकला. मी उजवीकडे वळले नाही. मी आणखी एक फेरी मारली. घाईने नाही, पूर्ण मारली, आतल्या अंगाला न झुकता, खुणेच्या काठ्यांच्या बाहेरून.

बाहेर आले तेव्हा अकरावी होते. उरलेल्या दोन किलोमीटरमध्ये पुढच्या लिथुआनियाच्या मुलीला जवळजवळ गाठलं. जवळजवळ.

कोचने मला बाजूला घेतलं. ओरडला नाही.

‘‘किती चुकली?’’

‘‘एक.’’

‘‘फेऱ्या किती मारल्यास?’’

‘‘दोन.’’

‘‘का?’’

‘‘मोजण्यात चूक झाली.’’

‘‘एक मोजण्यात?’’

बालवाडीतलं पोर एक मोजण्यात चुकत नाही.   थंडी, धुकं, नाडी, काहीतरी झालं असेल.

बिल्याना मात्र ओरडली. सगळ्यांसमोर, कपडे बदलायच्या तंबूत. ‘‘लोक फेरी चुकवून पकडले जातात! जास्तीची मारलेली तू एकटी असशील साऱ्या दुनियेत! कशासाठी मारलीस, सांग ना! कुणाच्या बापासाठी?’’ तिने काठी फेकली, ती खुर्चीवर आपटून माझ्या पायाशी आली. मग ती हुंदके देऊन रडायला लागली, नाक गळेपर्यंत. तोश्कोने तिला आपल्या जॅकेटात गुंडाळलं.

मी काठी उचलून तिच्या सामानाजवळ ठेवली. तिचा हेवा वाटला असं लिहावंसं वाटतं, पण तेवढंही खात्रीने सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी

नाडी ६१.

दुपारी नेवेनाचा फोन आला. आम्ही सामान बांधत होतो. मी बूट वाळवायच्या खोलीत गेले, कारण तिथे कुणी नव्हतं.

‘‘वेस्का, मी मोजलं,’’ ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

‘‘काय मोजलंस?’’

‘‘टीव्हीवाला म्हणाला, बल्गेरियाच्या बाईचा गोंधळ उडाला. सासूबाई म्हणाल्या, दमली असेल पोर. मी म्हटलं, ही गोंधळणारी नव्हे. नऊ वर्षं मी जेवताना त्याच्या तोंडून ऐकलंय गं. आज वेस्काने माझ्या तीन मारल्या, आज मी तिच्या दोन मारल्या. आमच्या घरात हिशोब कुठला व्हायचा तर हा. काल एक तुझी होती. दुसरी कुणाची?’’

मी म्हटलं, माहीत नाही.

‘‘वेस्का.’’

मग मी तिला सांगितलं. जसं सांगितलं तसंच इथे लिहिते, म्हणजे पुन्हा कधी बदलता येणार नाही.

चौदा ऑगस्टला आम्ही चाकांच्या स्कीवर होतो. त्याने उभ्याने पाच मारल्या, दोन चुकल्या. मी म्हटलं, ‘‘गाढवा, दोन?’’ तो म्हणाला, ‘‘जा, मी बघतो बसून.’’ कोच निशाणांचे नवे कागद आणायला खाली गेला होता. मी पहिली फेरी मारली. येताना तो चटईवर बसलेला दिसला. दुसरीला निघाले. लांबच्या वळणावर मान वळवली तर तो उताणा पडला होता. असं तो नेहमी करायचा. मी त्याच्या फेऱ्या मारायला लागले की हातपाय पसरून पडायचा आणि ओरडायचा, ‘मी मेलो, आता तू मार.’ म्हणून मी ओरडले, ‘‘ऊठ रे नाटक्या!’’ आणि पुढे गेले. आणखी तीन-चार वेळा काठ्यांनी रेटा दिला. मग दिसलं, त्याची टोपी घरंगळून खडीवर गेली होती आणि तो ती उचलत नव्हता. टोपी तो कधी खाली राहू द्यायचा नाही. मी फेरी सोडली, खडीवरून सरळ आले, पडले, चाकं काढली, धावले. तेव्हा काही उरलं नव्हतं.

‘‘मी तुला सांगितलं की शेजारी होते,’’ मी म्हटलं. ‘‘नव्हते. साठ मीटरवर होते. त्याला शिव्या देत होते.’’

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, मग तो तिने बंद केला.

‘‘म्हणजे एकटा होता.’’

‘‘हो.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘अर्धी फेरी. बारा सेकंद, पंधरा. मी नंतर पुष्कळदा मोजलं. वीसच्या वर नाही.’’

‘‘सहा महिने,’’ नेवेना म्हणाली, ‘‘तू शेजारी होतीस एवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागत होती.’’

तिने फोन ठेवला.

मी बुटांच्या दोन रांगांमध्ये खाली बसले. पट्टीखालचा हात ठणकायला लागला. इतका, की दात आवळून बसावं लागलं. स्पासकाका हाक मारत आले, मला बघितलं, दार लावून घेतलं आणि बाहेर पाठ टेकून उभे राहिले. लाचेझार आला तर त्याला म्हणाले, ‘‘बूट ओले आहेत अजून. नंतर ये.’’

१२ फेब्रुवारी, चेपेलारे

नाडी ५८. झोप तीन तास.

कोचला त्याच्या खोलीत गाठलं. म्हटलं, मोजण्यात चूक नव्हती. काकांची हाक मी ऐकली होती. मला कळत होतं की एकच मारायची आहे.

‘‘मग?’’

‘‘एक अर्धी राहिली होती. ऑगस्टमधली.’’

द्रागोमिर खिडकीकडे वळला. त्या दिवशी कागद आणायला तोच खाली गेला होता. हे मी विसरलेच होते. सहा महिने त्याच्याशी रोज बोलते आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही.

‘‘खोक्यात कागद होते गं,’’ तो म्हणाला. ‘‘वरच्या खोक्यात. मला सिगारेट ओढायची होती, म्हणून खाली गेलो.’’

 त्याच्या टेबलावर महासंघाची यादी होती. एक पुरुष, एक बाई. गुणांप्रमाणे बाई मी होते. मी म्हटलं, बिल्यानाला ठेवा.

‘‘तुझा नेम तिच्यापेक्षा चांगला आहे.’’

‘‘हरल्यावर ती काठ्या फेकते. मी सहा महिन्यांत एक तरी फेकलेली पाहिलीत का?’’

त्याने पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या नावावर रेघ मारली. मला वाईट वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते. मला फार वाईट वाटलं, आणि तरी मी त्याला थांबवलं नाही.

बिल्यानाला दारातच सांगितलं. तिने आधी मला शिवी दिली, मग गळ्यात पडली, मग पुन्हा शिवी दिली. ‘‘आता मी तुझ्यावर रागावू तरी कशी?’’

‘‘राग धरून राहा. कामाला येतो.’’

१३ फेब्रुवारी

नेवेनाचा फोन. मी उचलायला घाबरले. घाबरणं म्हणजे काय ते हातांना बरोबर आठवलं.

‘‘उद्या सहा महिने होतात,’’ ती म्हणाली. ‘‘गावात लावायचा मयताचा कागद छापायला टाकतेय. तोच फोटो घातलाय, हसरा. खाली शोक करणाऱ्यांची नावं येतात. बायको नेवेना, आई स्तोयना, भाऊ क्रुम. तुझ्या नावापुढे काय लिहू?’’

‘‘माझं नाव कशाला?’’

‘‘चाळीस दिवसांच्या कागदावर घातलं नव्हतं. तेव्हा सुचलं नाही.’’

‘‘नेवेना, मी तुझ्याशी खोटं बोलले.’’

‘‘बोललीस. मी तुझ्यावर रागावलेय. किती, ते मोजायला मला वेळ लागेल. पण त्याच्या फेऱ्या कोण मारत होतं? मी नव्हते मारत. मी घरी भोपळी मिरच्या भाजत होते. छापखाना पाचला बंद होतो, काय लिहू ते सांग.’’

‘‘मला माहीत नाही. मी त्याची कोण होते, त्याला शब्दच नाही.’’

‘‘मलाही सापडत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मग नुसतं नाव लिहिते.’’

१४ फेब्रुवारी

नाडी घेतली नाही.

सकाळी नेवेनाकडे गेले. आसेनच्या नावाने वाटायचा उकडलेला गहू साखर घालून तयार होता, सासूबाई वाट्या भरत होत्या. नेवेनाने मला आत ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. दारातच तिने माझ्या हातात पंधरा कागद आणि चिकटपट्टी दिली. ‘‘वरची आळी तू कर. खालची मी आणि क्रुम करतो. पावाच्या दुकानावर लावू नकोस, ती बाई काढून टाकते.’’

मी वर निघाले. पहिला कागद शाळेच्या कुंपणाला. दुसरा दवाखान्याजवळच्या खांबाला. हातमोज्यात चिकटपट्टी अडकते म्हणून हातमोजे काढले. बोटं लगेच गारठली, आणि ते कळत होतं.

बस थांब्याच्या खांबाशी एक म्हातारी उभी होती, हातात कांद्याच्या पातीची जुडी. आमच्या गावची नव्हे, वरच्या वाडीवरची असावी, मला ओळखत नव्हती. मी कागद लावत होते आणि ती माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचत होती, जसं आमच्याकडची सगळी म्हातारी माणसं वाचतात.

‘‘आसेन... तेहतीस वर्षं. अरेरे, एवढा तरणा. बायको नेवेना. आई स्तोयना, कशी जगत असेल ती. भाऊ क्रुम. आणि वेसेलिना.’’ ती थांबली. ‘‘ही वेसेलिना कोण? मुलगी का त्याची?’’

‘‘मी आहे ती,’’ मी म्हटलं.

‘‘तू कोण लागायचीस त्याची?’’

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. असं आलं की मी खांबाला धरून उभी राहिले. नाक गळत होतं, घशातून कसलेतरी आवाज येत होते, बस आली, थांबली, ड्रायव्हरने बघितलं, बस गेली. म्हातारी तिच्या बसमध्ये चढली नाही. तिने कांद्याची पात बाकावर ठेवली, माझ्या हातातली चिकटपट्टी घेतली, दाताने एक तुकडा तोडला आणि कागदाचा खालचा कोपरा चिकटवला. मग दुसरा तोडला.

‘‘धर वरून नीट, वाऱ्याने जाईल,’’ ती म्हणाली. मी धरलं.

चारही कोपरे झाल्यावर तिने छातीवर क्रूस केला, माझा भाजलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, ‘‘देव त्याला क्षमा करो, पोरी. आणि तुला बळ देवो.’’

कुणी गेलं की आमच्याकडे त्याच्या माणसांना हे म्हणतात. मला कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं.